पऱ्ह्यातली माती

मोरू दारू पिऊन पंपाच्या खड्ड्यात उतरला आणि मेला, हे पेणमध्ये एव्हाना ज्याच्या त्याच्या तोंडी झालं होतं. बोलायला लोकांचं काय जातं? पहिल्यांदा बोलला तो ठेकेदार. रामवाडीकडच्या उतारावर गावाचं सांडपाणी एका खोल खड्ड्यात जमतं आणि तिथून पंपाने पुढे ढकललं जातं. तो पंप चालवायचा ठेका त्याचा होता आणि मोरू त्याच्याच हाताखाली पंपावर कामाला होता. खड्ड्यात विषारी वायू असतो, आत उतरू नये, असा बोर्ड त्याने ठळक अक्षरांत लावला होता. बोर्ड लावला की ठेकेदाराची जबाबदारी संपली. मग शुद्धीवरचा माणूस कशाला उतरेल, असं तो चारचौघांत म्हणाला आणि लोकांनी ते उचलून धरलं.

ते ऐकून मोरूच्या आईच्या, कृष्णाबाईच्या, अंगाचा तिळपापड व्हायचा. तिच्या पोराने जन्मात बडीशेपेपलीकडे काही चघळलं नव्हतं. नवरा गेल्यावर तिने गणपती करून त्याला वाढवला, आणि आता तोच गेला. तो परत येणार नाही हे तिला कळत होतं. पण त्याच्या नावाला लागलेला डाग पुसल्याशिवाय तिला मरणसुद्धा नको होतं.

तिचा गणपतीचा कारखाना म्हणजे घराची पडवी. शाडूच्या मूर्ती. सासूच्या रीतीप्रमाणे ती मातीत कापूस कुटून घालायची, म्हणजे हात आणि सोंड चिरत नाहीत. आळीत दुसरं कुणी एवढा खटाटोप करत नसे. दुसरी रीत त्याहून कडक होती. डोळ्यांची आखणी होण्याआधी मूर्ती मोडली तर माती पुन्हा मळायची. पण डोळे लिहिल्यावर मोडली तर ती माती नव्हे, देव. तिला पायदळी येऊ द्यायचं नाही, कचऱ्यात टाकायचं नाही. अक्षता वाहायच्या, पाण्यात विरघळवायची आणि मागच्या दारच्या पऱ्ह्यात, म्हणजे ओहोळात, सोडायची. पऱ्ह्या भोगावतीला मिळतो, देव नदीला पोचतो. पुढे गावाने पऱ्ह्यावर स्लॅब टाकला, तेव्हाही तिने एक लादी सुटी ठेवून घेतली होती. गणपती जवळ आले की घाईगर्दीत मोडतोड वाढायची आणि ती लादी रोज सरकायची.

मोरू गेल्यावर पंप बंद पडला तो पडलाच. आळीआळीत घाण पाणी उलटं वर यायला लागलं, तेव्हा कुठे वरच्या लोकांना जाग आली आणि रोह्याहून दिनानाथ नावाच्या इंजिनिअरला बोलावलं गेलं. धाटावच्या कारखान्यांतले पंप हाताळलेला माणूस, बोलायला कमी आणि कामाला वाघ. त्याने पंप उघडला, तर आतल्या पंख्याला पांढुरका, चिवट लगदा गुंडाळून बसला होता. असला गाळ येतो तरी कुठून, हे कळल्याशिवाय नवे पंप बसवण्यात अर्थ नव्हता. तो लगदा डब्यात घेऊन दारोदार विचारत फिरला.

कृष्णाबाईच्या पडवीत त्याने डबा पुढे केला. तिने चिमूटभर घेऊन बोटांवर चोळून पाहिला. बोटांना कापसाचा धागा लागला आणि तिने बोटं पदराला पुसली. ठाऊक नाय, एवढंच ती म्हणाली. दिनानाथ आभार मानून पुढच्या दाराला गेला.

दुपारी ती अस्लमच्या घरी गेली. पंपावर मोरूच्या जोडीला असायचा तो अस्लमच. मोरू गेला त्या वेळी तो चहा आणायला गेला होता, आणि तेव्हापासून तिच्यासमोर यायचं टाळत होता. तिने त्याला ओट्यावर बसवलं आणि पोर कशापायी खाली उतरायचं, ते विचारलं.

"मावशी, पऱ्ह्या आता नदीला जात नाय," तो म्हणाला. "स्लॅब टाकला तवाच तो गटाराच्या पायपाला जोडलाय. तुमची माती खड्ड्यात यायची, पंप अडकायचा. मोरू खाली उतरून ती हातानं काढायचा, धुवायचा आन बादलीतून भोगावतीला नेऊन सोडायचा. दुसऱ्याचा पाय लागू नये म्हनून मला चहाला पिटाळायचा. आईला कळलं तर ती अन्नाला शिवायची नाय, बोलायचा."

अस्लमच्या बायकोने, अनीसाने, पाणी दिलं, ते कृष्णाबाई घटाघट प्यायली.

नवे पंप बसले. लहान, पण दोन. आळीपाळीने चालणारे, पाणी चढलं की आपोआप सुरू होणारे. खड्ड्याच्या तोंडाशी दिनानाथने गाळ अडवायचा हौद केला आणि वरून ओढून काढता येईल अशी जाळी बसवली. आता कुणाला खाली उतरायची गरज नव्हती आणि विजेचं बिलही बरंच खाली येणार होतं. नारळ फोडायला साहेब आले, आळी जमली. ठेकेदार पुढच्या खुर्चीत बसून मान डोलावत होता.

कृष्णाबाई उठून पंपाजवळ गेली. गप्प राहिली असती तर माती कुणाची हे कुणालाही कळलं नसतं. पण मग मोरू दारूडाच राहिला असता.

"माझा मोरू प्यायला नव्हता," ती म्हणाली. "ती माती माझी हाय. माझा देव गटारात पडत व्हता, आन ते मला कळू नये म्हनून माझं पोर खाली उतरत व्हतं."

कुणी वर पाहिलं नाही. ठेकेदाराने फोन काढला आणि कानाला लावून बाजूला गेला. दिनानाथने पुढे होऊन तिच्या पायांना हात लावला, मग बटण दाबलं. पंप सुरू झाले.

अस्लम तिला घरी सोडायला निघाला. वाटेत दोन बाया तिला पाहून थांबल्या, पोर गुणाचं होतं म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. जे हवं होतं ते तिला मिळालं होतं. अर्ध्या वाटेत ती रस्त्याच्या कडेला खाली बसली.

"पोर गेलं त्या दिवशी सकाळी एका गणपतीचा हात मोडला व्हता, अस्लम," ती म्हणाली. "मी अक्षता वाहिल्या, हात जोडलं. माझ्या मोरूला सांभाळ म्हनलं, आन पऱ्ह्यात सोडला."