तेलाची जाळी

शुभाने दुसरा गिअर चिंधीने पुसला, डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख एकेका दातावरून फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. गिअर ‘चालेल’ असं खडूने लिहिलेल्या खोक्यात गेला. शेजारी ‘बघू’ आणि ‘भंगार’ असे आणखी दोन खोके होते. सगळ्यात जड अर्थातच भंगारचा होता. त्यात दोन तुकडे झालेला कनेक्टिंग रॉड होता, पिस्टनचा चुरा होता आणि इंजिनाच्या कवचाचा वरचा भागही होता. रॉडने आतून धडक देऊन त्याला मुठीएवढं भोक पाडलं होतं.

“भंगार न्यायला श्रॉटवाल्याला सोमवारी बोलावलंय,” गॅरेजच्या दारातून सुधीर म्हणाला. त्याच्या हातात कॉफीचा मग होता. “कशाला उगाच हात काळे करतेस?”

“हात माझेच आहेत.”

“आल्झो, बरं बाई, मी आपलं सांगितलं.” तो मग घेऊन परत गेला.

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गमध्ये या नवरा-बायकोला सव्वीस वर्षं झाली होती. बावन्नाव्या वर्षी शुभाने मोटरसायकलचा फ्युररशाइन, म्हणजे परवाना, काढला, तेव्हा सुधीरनेच ही जुनी दोन सिलिंडरची बाइक शोधून आणली. इंजिनाची डागडुजीही हौसेने स्वतःच केली. पुढे ऑगस्टमध्ये हार्त्सच्या डोंगरातल्या चढावर तेलाचा लाल दिवा लागला, शुभाने त्याच क्षणी थ्रॉटल सोडला आणि बाइक कडेला पोचायच्या आत पायाखाली धाडकन आवाज झाला.

सुधीरच्या तोंडी मात्र ही गोष्ट वेगळी झाली. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत साठ माणसांसमोर, हातात मोदक धरून त्याने ती रंगवून सांगितली. “दिवा केव्हाचा पेटलेला असणार, पण बाई गाणं गुणगुणण्यात दंग! इंजिन उडवलं तेव्हा कुठे थांबल्या.” सगळे हसले. शुभाही हसली, आणि तिला स्वतःचं ते हसणंच जास्त लागलं. त्यानंतर कुणीही भेटलं की ‘काय, आता काय उडवताय?’ असं विचारायचं. सुधीर बाइक विकायची म्हणू लागला. सगळ्यात वाईट म्हणजे तिचा स्वतःवरचा भरवसा डळमळला. दिवा खरंच आधीपासून लागलेला होता की काय? झोपताना ती तो चढ मनात पुन्हा पुन्हा चढायची.

पण ऐकून गप्प बसेल ती शुभा कसली. जवळच्याच ब्राउनश्वाइग शहरातल्या एका विद्यार्थ्याकडे याच जातीचं इंजिन होतं. त्याचे गिअर गेलेले, बाकी सगळं धड. म्हणजे हिच्या इंजिनातलं जे वाचलं होतं, तेच त्याला हवं होतं.

आता फक्त कवचाचा खालचा भाग उरला होता. तिने तो उलटा केला आणि तळाच्या प्लेटचे सगळे बोल्ट काढले. प्लेट हलेना. शेवटी पातळ पात्याची सुरी सगळीकडून फिरवली, तेव्हा ती लाल रबराच्या लांबच लांब शेपट्या घेऊन सुटली.

शुभाला एप्रिल आठवला. ही प्लेट बसवताना तेल गळू नये म्हणून लाल सिलिकॉन लावायचं होतं. ट्यूबवर चित्र काढून दाखवलं होतं, दोन मिलिमीटरची रेघ पुरे. सुधीरने अख्खी ट्यूब पिळली. “असू दे थोडं जास्त, गळायला नको,” तो म्हणाला होता. त्याला कमी असं काही जमतच नाही. पाहुण्यांच्या पोळीवर तूपही तो असंच वाढतो.

जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूला आलं होतं, आणि तिथून तुटून तेलात पडलं होतं. तेल जिथून वर ओढलं जातं त्या वाटीएवढ्या जाळीला लाल तुकडे गच्च चिकटले होते. तेल वर जायला वाटच नव्हती.

तिला आधी हायसं वाटलं. मग इतका राग आला की हातातली सुरी खाली ठेवावी लागली. ती सुधीरला हाक मारायला दारापर्यंत गेली आणि परत फिरली. जाळी तिने पुसलीही नाही. कुठल्याच खोक्यात न टाकता वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. दसरा कुठल्याही वारी येवो, मंडळाचा तो रविवारीच असतो, आणि यांच्या घरची हत्यारांची पूजाही त्याच दिवशी. सुधीर दरवर्षी पाटावर पाने, पक्कड आणि आपला लॅपटॉप मांडायचा. यंदा पाने गॅरेजमध्ये होते, म्हणून पूजाही गॅरेजमध्ये. पाट शुभाने मांडला. पाने ओळीने, त्यांच्यापुढे वाचलेले गिअर, आणि मधोमध जाळी.

सुधीर हळदीची चिमूट घेऊन वाकला आणि तसाच थांबला. जाळी उचलून त्याने उजेडाकडे धरली. एक लाल तुकडा नखाने ओढून पाहिला. तो निघाला नाही.

“एप्रिलमधलं आहे,” शुभा म्हणाली. “दिवा लागला आणि मी लगेच थ्रॉटल सोडला. ऑगस्टपासून हेच सांगतेय.”

सुधीरने जाळी बोटांत फिरवली. मग म्हणाला, “रॉकेलमध्ये बुडवून, ब्रश मारून साफ करून देतो.”

“आज हत्यारांना हात लावायचा नसतो.”

“उद्या करतो.”

“उद्या मी गिअर घेऊन ब्राउनश्वाइगला जातेय. गाडी मला लागेल.” तिने झेंडूचं एक फूल त्याच्यापुढे धरलं. “अहो, गणपतीत साठ माणसं होती. आज संध्याकाळी मंडळातही तेवढीच येतील, त्यांनाही कळू दे. वाहा फूल.”

त्याने जाळी पाटावर ठेवली आणि तिच्यावर फूल वाहिलं.

संध्याकाळी शुभा साडी नेसून, सोनेरी कागदाची आपट्याची पानं घेऊन गॅरेजपाशी आली. सुधीर पांढराशुभ्र झब्बा घालून गाडीजवळ उभा होता. आत पाटावर मधोमध, जाळीच्या जागी, झेंडूचं फूल एकटंच पडलं होतं, त्याच्याखाली तेलाचा गोल ओला डाग. झब्ब्याचा उजवा खिसा फुगला होता आणि तिथेही काळा डाग पसरत चालला होता. एरवी शुभाने त्याला तसाच परत पाठवून कपडे बदलायला लावले असते.

“चला,” ती म्हणाली, “उशीर होतोय.”