ठोका देणारी हातोडी

मी हातोडी बोलतेय. सुताराची नव्हे, न्यूरोलॉजिस्टची. डोकं रबराचं, दांडा स्टीलचा. गुडघ्याखाली माझा हलका ठोका पडला की पाय उडतो, आणि त्यावरून डॉक्टर नसांचं दुखणं ओळखतात.

आमच्या डॉक्टरांचं निदान कधी चुकलं नाही. बोलणं मात्र निदानापाशीच संपायचं.

एकदा एक शिंपी आला, सोबत बायको. कात्री हातातून निसटते म्हणाला. मी टेकले न टेकले तोच त्याचा पाय असा उडाला की तो हसला. "जपून हं डॉक्टर, लाथ बसली तर मला बोल नको."

डॉक्टर हसले नाहीत. नसा वाळत जाण्याचा आजार होता. त्याला औषध नाही.

त्याचे हात गेले, पाय गेले, जीभ जड झाली. तोवर डॉक्टर दर खेपेला विद्यार्थी गोळा करून त्याचा पाय माझ्याकडून उडवून दाखवायचे. पुढे पाय उडेनासाच झाला. बायकोने विचारलं, आता पुढे काय? डॉक्टर म्हणाले, आता यायची गरज नाही. दुखणं आटोक्यात आलं असं वाटून ती बिचारी क्षणभर हरखलीसुद्धा. शिंप्याने मान खाली घातली. त्याला कळलं होतं.

तो वारल्यावर ती एकटीच आली आणि सगळं सांगत बसली. धाप लागली तेव्हा घाबरून तिने त्याला मोठ्या इस्पितळात नेलं होतं. तिथे घशात नळी घातली. हातांत उरलेल्या जेमतेम जोराने तो ती ओढू बघायचा, म्हणून ते अर्धमेले हातही बांधले. धाप औषधाने हलकी करता येते, नळी नको असेल तर आधीच सांगून ठेवता येतं, हे तिला नंतर एका नर्सने सांगितलं.

"शेवटी त्यांना सगळं कळत होतं का हो?"

डॉक्टरांनी सवयीने मला उचललं, बोटांत फिरवलं. "हो. या आजारात समज शाबूत राहते."

"मग त्यांना काय हवंय, हे तुम्ही एकदाही का विचारलं नाहीत?"

डॉक्टर म्हणाले, "बाई, बाहेर गर्दी आहे."

ती उठली. दार तिनेच लोटून घेतलं. डॉक्टरांनी बेल वाजवली आणि पुढच्या पेशंटच्या गुडघ्यावर मला आपटलं, नेहमीपेक्षा जरा जोरात.

आता माझं रबर चिरलंय. खुशाल बदला मला. पण डॉक्टर, जो बरा होणार नाही त्याच्या शेजारी घटकाभर बसायला हातोडी लागत नाही.