बॉनेटवरचा चौकोन

सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू निघाले आणि जावयाची झोप उडाली.

शस्त्रक्रियेचा आनंद घरात सर्वांनाच झाला होता. जावयालाही झाला होता. फक्त त्याला पुढचा परिणाम दिसत होता. सासऱ्यांना काही आठवडे गाडी चालवायला मनाई होती, म्हणून त्यांची गडद निळी गाडी पलीकडच्या गल्लीतून आणून जावयाच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली होती. ही गाडी ते वर्षानुवर्षे रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसत आले होते. आधी धूळ झटकायची, मग गोल गोल हात फिरवायचा, आणि शेवटी जरा मागे सरून समाधानाने मान हलवायची. मोतीबिंदूच्या पडद्याआडून ती त्यांना आरशासारखी दिसे. जावयाने तिच्यावर टॉर्चचा उजेड टाकला, तेव्हा सबंध बॉनेटवर कोळ्याने जाळे विणावे तसे बारीक चरे उमटले. वास्तविक चरे सगळ्या दिशांना गेले होते. उजेडाला आडवे असतात तेवढेच चमकतात आणि म्हणून वर्तुळांचा भास होतो, हे त्याने पत्नीला समजावून सांगितले. यातले बाबांना काय सांगायचे, असे तिने विचारले.

मुद्दा नेमका तोच होता. सासरे नव्या डोळ्यांनी गाडी पाहणार आणि ते चरे त्यांना जन्मात प्रथमच दिसणार. आधी गाडी निर्दोष होती, नंतर ती जावयाच्या ताब्यात गेली. एवढ्या सामग्रीवरून निष्कर्ष काढायला त्यांना वेळ लागला नसता. त्यातून जावयाचा पूर्वइतिहास वाईट होता. तो वजनमापे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होता आणि सासरची मंडळी त्याला पाठीमागे 'पुरावा' म्हणत. सासऱ्यांनी गुडघेदुखीवर हातात तांब्याचे कडे घातले होते, तेव्हा कड्याने बरा झालेला गुडघा आणि कड्याशिवाय बरा झालेला गुडघा यांची तुलना कोणी केली आहे काय, असे त्याने भर पंगतीत विचारले होते. तेव्हापासून जावई पुराव्यानिशी कधी सापडतो याची सासरे संयमाने वाट पाहत होते.

म्हणून जावयाने पॉलिशचे यंत्र विकत आणले. बऱ्याच कंपन्यांचे दावे वाचून त्यातले बहुतेक त्याने नापास केले. उरलेल्या दोन डब्यांपैकी एकात खरखरीत पॉलिश होते, दुसऱ्यात मऊ. तत्त्व सोपे होते: चरा बुजवायचा नसतो, तर त्याच्या भोवतालचा, रंगावरचा पारदर्शक थर घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणायचा असतो. थर कागदापेक्षा पातळ असल्यामुळे चूक एकदाच करता येते, हेही त्याने पत्नीला सांगितले. तिने शेडमध्ये वाळत घातलेली चादर काढून घ्यायचे ठरवले.

ती चादरीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्याने यंत्र सुरू केले. स्पंजची चकती आधी पत्र्यावर टेकवायची आणि मग बटण दाबायचे, हा क्रम त्याने वाचला होता. हाताने मात्र तो वाचलेला नव्हता. पॉलिशचे पांढरे शिंतोडे भिंतीवर, चादरीवर आणि चष्म्यावर समान अंतराने उडाले. पत्नीने चादर काढली, उलटी केली आणि त्याच्या गळ्यात एप्रनसारखी बांधली.

त्यानंतर मात्र काम शास्त्रोक्त झाले. त्याने गाडी धुतली, कोरडी केली, रबरी कडांवर चिकटपट्टी लावली. हातभर जागा घ्यायची, यंत्र आधी आडवे आणि मग उभे फिरवायचे, दाबायचे नाही, घाई करायची नाही, कडेपाशी हात हलका करायचा. प्रत्येक भाग झाला की तो स्पिरिटने पुसून पाही. पॉलिशमधले तेल चऱ्यांत भरून बसते आणि नसलेला गुण दाखवते, अशी त्याला रास्त शंका होती. स्पिरिटनंतरही चरे दिसेनात. निळा रंग विहिरीच्या तळासारखा खोल झाला. छत झाले, दारे झाली, डिकी झाली. जावयाला आनंद झाला, आणि लगेच त्याने स्वतःला विचारले, की हे कशावरून?

म्हणून बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावून त्याने एक चौकोन तसाच राखला. उन्हात शेजारीशेजारी तुलना करायची, सुधारणा खरी आहे याची खात्री पटली की तोही घासून टाकायचा, असा बेत होता.

पत्नीने तो चौकोन बराच वेळ पाहिला. "बाबांना दिसू नये म्हणून सगळी गाडी घासलीत," ती म्हणाली, "आणि मधोमध दिसावं म्हणून चौकट करून ठेवलीत."

तुलनेशिवाय निकाल म्हणजे नुसते मत, असे त्याने उत्तर दिले. उन्हासाठी गाडी अंगणात काढून त्याने चिकटपट्टी सोलली, आणि फाटकाची कडी वाजली.

डॉक्टरांनी काळा चष्मा अपेक्षेआधीच काढायला सांगितला होता. सासरे डोळे विस्फारून रस्ताभर पाट्या वाचत आले होते. मुलीला त्यांनी ती रोडावली असल्याचे सांगितले, भिंतीला शिंतोडे असल्याचे सांगितले आणि मग ते गाडीसमोर येऊन थबकले. दारांमध्ये त्यांनी स्वतःला पाहिले, मिशी सारखी केली आणि बॉनेटवर वाकले.

"बाकी गाडी चांगली ठेवलीत," ते शांतपणे म्हणाले. "एवढा चौकोन कशानं बिघडवलात?"

तेवढा राहिला आहे, आता करतो, असे जावई म्हणाला. ते अक्षरशः खरे होते आणि प्रकरण तिथेच मिटलेही असते. पण सासऱ्यांनी सवयीने खिशातून फडके काढले आणि त्या विहिरीसारख्या निळ्या रंगाकडे हात नेला. जावई मध्ये आडवा आला. कोरडे पुसायचे नसते, असे त्याने सांगितले. का, असे सासऱ्यांनी विचारले.

"डब्यावर तसं लिहिलंय," जावई म्हणाला. आधाराशिवाय केलेले हे त्याच्या आयुष्यातले पहिले विधान असावे.

एरवी ते खपून गेले असते. सासऱ्यांना डब्यांवरचे काही वाचता येत नसे. पण आता त्यांनी डबा मागून घेतला आणि मोठ्या हौसेने सगळा वाचला: वजन, मिश्रण, मुलांपासून दूर ठेवण्याची सूचना, तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला कारखान्याचा पत्तासुद्धा. मग त्यांनी डबा परत दिला.

"असं कुठेही नाही. तुम्ही तर पुराव्याशिवाय बोलत नाही, जावईबापू."

जावयाने पत्नीकडे पाहिले. ती चादरीवरचे डाग मोजत असल्यासारखी उभी होती.

"कोरड्या फडक्याखाली धूळ अडकते, बाबा. तिचे चरे पडतात. सगळ्या गाडीवर होते. हा चौकोन म्हणजे तुमची पूर्वीची गाडी आहे."

सासरे पुन्हा वाकले. मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली. वर्तुळे त्यांच्याबरोबर सरकली.

"म्हणजे हे मी केलं."

"बहुतांशी," जावई म्हणाला. पत्नीने डोळे मिटून घेतले.

"आणि मला दिसायच्या आत हे पुसून टाकणार होतात. माझं मन राखायला?"

सोयीचे उत्तर समोर आयते होते. पण एका दिवसात दोन निराधार विधाने त्याला झेपण्यासारखी नव्हती. "नाही," तो म्हणाला. "तुम्ही ते माझ्या नावावर घातले असते, म्हणून."

सासऱ्यांनी या विधानाचा प्रामाणिकपणे विचार केला.

"घातलेच असते," ते म्हणाले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. मुलीने पाणी आणले.

जावयाने सुटकेचा निःश्वास टाकून यंत्र उचलले आणि चकती चौकोनावर टेकवली. या वेळी क्रम बरोबर होता. सासऱ्यांनी यंत्रावर हात ठेवला.

"तेवढा सोडा. बाकीच्या गाडीला मी बोट लावणार नाही, शब्द देतो. पण सकाळी उठून मी करायचं काय?"

जावयाने चकती उचलली आणि यंत्राची वायर गुंडाळली.

गाडी सासऱ्यांकडे परत गेली. आता दर रविवारी जावई जाऊन ती भरपूर पाण्याने धुतो आणि रोज सकाळी सासरे बॉनेटवरच्या चौकोनावर कोरडे फडके गोल गोल फिरवतात, जरा मागे सरतात आणि मान हलवतात. एका पत्र्यावर दोन पद्धतींची इतकी काटेकोर तुलना प्रयोगशाळेतही क्वचितच होते, हे जावयाला मान्य करावे लागते. वाद आहे तो निकालाबद्दल. सासऱ्यांच्या मते चौकोनच अधिक चमकतो. जावयाने टॉर्च काढला, की तो बंद करून पाहा म्हणजे समजेल, असे ते सांगतात. त्रयस्थ म्हणून निवाडा द्यायला दोघांनीही जावयाच्या पत्नीला बोलावले होते; ती अजून घरातून बाहेर आलेली नाही.