मुठीतली शिट्टी

"बाबा, श्रीमंत क्लबला पेनल्टी जरा स्वस्तात पडते का हो?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, "हिंमत असेल तर विचार!" आणि आमच्या ठमीने भर जेवणात विचारलं. आईचा डाव भांड्यातच थांबला. मित्रांनो, मी दारामागच्या खिळ्यावर नुसती लटकत होते, तरी माझ्या पोटातला बुचाचा गोळा हलला!

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. साच्यातून निघाले, घासूनपुसून लख्ख झाले आणि फुटबॉलच्या एका तरुण रेफरीच्या हाती पडले. तेच ठमीचे बाबा. मला तोंडात धरून ते कधीच धावले नाहीत. मुठीत ठेवायचे. मुठीतून ओठांपर्यंत येईतो त्यांचे डोळे पुन्हा एकदा विचार करून घेत. कौतुक म्हणाल तर शून्य! जिंकणारे खेळाडूंना खांद्यावर घेत, हरणारे आम्हाला शिव्यांची लाखोली वाहत. मग बाबांचा गुडघा गेला आणि मी छत्रीची शेजारीण झाले.

बाबा रागावले नाहीत. "शिट्टी विकत मिळत नाही, ठमे. पण पैसा असला की उत्तम खेळाडू येतात, ते सारा वेळ समोरच्या गोलपाशी. त्यात अख्खं मैदान 'पेनल्टी!' म्हणून ओरडलं की हात आपोआप निघतो गं."

"तुमचाही?"

"माझाही. दर वेळी थांबला का, देव जाणे."

त्याच आठवड्यात ठमीच्या शाळेचा मैत्रीपूर्ण सामना होता. समोरची शाळा स्वतःच्या बसने आली, नवेकोरे बूट, सोबत ढोल बडवणारे पालक. आमच्याकडे बाहेर येणारीचे बूट आत जाणारीने घालायचे! ठरलेले रेफरी आजारी पडले आणि नियम तोंडपाठ म्हणून त्यांच्या जागी ठमी उभी राहिली. खिळ्यावरून उतरून मी तिच्या मुठीत.

त्यांची एक मुलगी आमच्या गोलपाशी पडली. ढोल, आरडाओरडा! ठमीचा हात निघाला... आणि अर्ध्यावर थांबला. पोरगी स्वतःच्याच पायात अडकली होती. मी गप्प. मैत्रिणी ओरडल्या, "शाब्बास, ठमे!"

शेवटी शेवटी ठमीच्याच जिवलग मैत्रिणीच्या, लांबडीच्या, हाताने आमच्याच गोलपाशी चेंडू अडला. "नाही लागला!" सगळ्या किंचाळल्या. हात पुन्हा अर्ध्यावर थांबला. मग मी ओठांवर आले आणि जिवाच्या आकांताने वाजले.

पेनल्टी. गोल. आम्ही हरलो.

"जा आता त्यांच्याच बसने!" एकीने टोमणा मारला. लांबडी मात्र बूट सोडता सोडता पुटपुटली, "लागला होता गं हात."

मित्रांनो, मला चकाकी नको, मखमली डबीही नको. फुंकण्याआधीचा तो एक क्षण तेवढा जपा. आपल्या माणसांसाठी जेवढा, तेवढाच परक्यांसाठी.

घरी येऊन ठमीने मला धुतलं, पुसलं, पण खिळ्याला अडकवलं नाही. डोळे रडून लाल, मान मात्र ताठ.

"आई, बाबा, मी रेफरीच्या परीक्षेला बसणार. शिव्या खायची तयारी आहे. आणि ही आता माझ्या मुठीत राहील."