वायरचे सहा वेढे

दारात आजवर शे-दीडशे कमोड येऊन गेले असतील, पण असला गलिच्छ कमोड प्लंबरच्या बायकोने जन्मात पाहिला नव्हता. आत बोटभर जाडीची पिवळी-तपकिरी पुटं, काठाखाली काळी बुरशी, आणि वास असा की मागच्या दारातलं मांजरसुद्धा उठून गेलं.

"हा आईंसाठी बसवणार? शी! कुणाचा आहे कुणास ठाऊक."

"कुठे चीर नाही त्याला. घासलास की नवा होईल," एवढं म्हणून प्लंबर पान्यांची पिशवी उचलून सटकला. एरवी कुणाच्या घरून काय काढलं याचं पुराण सांगितल्याशिवाय त्याला चहा जात नसे.

लोकांनी टाकलेली बेसिनं, नळ, टाक्या कचरा डेपोत जाऊ द्यायच्या नाहीत, हा त्याचा हट्ट. धड असेल ते घासूनपुसून कुणाकडे तरी बसवायचं, फुटकं असेल ते कुटून फरशीखाली भरायचं. घासायचं पुण्य अर्थात बायकोच्या वाट्याला. या वेळी मात्र तिला नाक मुरडून चालणार नव्हतं. सासूबाईंचे गुडघे कधीचेच संपावर गेले होते. परवा उकिडव्या बसताना त्या पडल्या आणि तासभर ओल्या फरशीवर तशाच राहिल्या. तेव्हापासून आत जावं लागू नये म्हणून त्यांनी पाणी पिणंच सोडलं होतं.

तिने अ‍ॅसिड ओतलं. पुटं फसफसली, वास दुप्पट झाला. दोनदा नळाशी जाऊन ती ओकली. हा कमोड ज्या घरातून आला त्या घराला तिने मनसोक्त शिव्या घातल्या. माणसं की डुकरं? एवढी पुटं एका महिन्यात चढत नाहीत. कुणीतरी रोज यावर बसत होतं आणि कुणीही तो घासत नव्हतं.

मग तिने सीट उलटी केली. मोडकी बिजागरी तांब्याच्या वायरने बांधली होती. मळ खरवडला तसे वेढे दिसले. सहा वेढे, एकाला एक चिकटून, आणि टोक पक्कडीने आत वळवलेलं, कुणाला टोचू नये म्हणून.

तिचा हात थांबला. असं टोक वळवणारा एकच वायरमन तिला माहीत होता. लहानपणी तिच्या छत्रीला, दप्तराच्या कडीला असेच सहा वेढे असायचे. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. शेवटचं वर्ष ते तिच्या थोरल्या भावाकडे, दादाकडे होते. "बाबांना काही कमी पडू दिलं नाही," असं दादा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ऊर भरून सांगत होता.

संध्याकाळी प्लंबरने मान खाली घालून कबूल केलं. "दादांनी नवं बाथरूम करायला घेतलंय. म्हणाले, हा डेपोत टाकून दे, बघवत नाही. तुला सांगितलं असतं तर तू हात लावला नसतास."

रविवारी कमोड बसला, पांढराशुभ्र. बिजागरी नवी लावू का, असं त्याने विचारलं, तर ती नको म्हणाली. सासूबाई भिंतीला धरून एकट्या जाऊन आल्या आणि बाहेर येऊन घटाघटा तांब्याभर पाणी प्याल्या.

त्याच दुपारी दादा नव्या टाइल्सचे फोटो दाखवायला आला. मध्येच उठून आत जाऊन आला आणि हात पुसत म्हणाला, "झकास आहे की! कुठून आणलात?"

"तुझ्याच घरचा आहे. बाबा बसायचे तो. दोन दिवस घासत होते मी. लाज नाही वाटली तुला, दादा?"

दादाने चहाचा कप खाली ठेवला.

"किळस वाटायची," तो म्हणाला. "म्हणून नाही घासला. आणि तू? वर्षभरात चारदा आलीस. नाकाला रुमाल लावून दारातूनच विचारायचीस, बरे आहात ना?"

प्लंबर छताकडे बघत राहिला. तो रुमाल तिला चांगला आठवत होता. निळ्या काठाचा, मुद्दाम अत्तर लावलेला. बाबा त्या रुमालाकडे बघून हसायचे आणि म्हणायचे, जा तू, उशीर होईल.

दादा गेल्यावर ती ब्रश घेऊन आत गेली. घासायला काही उरलं नव्हतं. तरी ती घासत राहिली, सासूबाईंनी बाहेरून दार वाजवेपर्यंत.