ओटीतली बाटली

आभाच्या घरचं संक्रांतीचं हळदीकुंकू चुकवायची गंगापूर रोडवरच्या त्या कॉलनीत कुणाची छाती नव्हती. जी बाई जायची नाही, तिला आभा पुढे वर्षभर भेटेल तिथे टोचायची, "का गं, आमच्याकडे यायला पाय जड झाले होते का?" मालिनी तर तिची खास मैत्रीण. कित्येक वर्षं दोघी रोज सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर बरोबर फिरायला जात. म्हणजे आभा बोलायची आणि मालिनी चालायची.

यंदा मालिनी एकटी नव्हती, सून तेजस्विनीही बरोबर होती. तिला पाचवा महिना लागला होता. दीड वर्षापूर्वी श्रावणात तिसऱ्याच महिन्यात तिचं बाळ गेलं, तेव्हापासून पोरगी माणसांत मिसळेनाशी झाली होती. घरून कंपनीचं काम करायचं, जेवायचं, झोपायचं. आज ती आपणहून काळी साडी नेसून तयार झाली, तेव्हा मालिनीला इतकं बरं वाटलं की निघता निघता तिने मीठ-मोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली. खरी दृष्ट तर पुढेच वाट बघत बसली होती!

आभाच्या हॉलमध्ये खुर्च्या सभेसारख्या ओळीने मांडल्या होत्या. समोरच्या टेबलावर तिळगुळाचं ताट आणि त्याच्या शेजारी बाटल्याच बाटल्या. हिरवं झाकण, सोनेरी लेबल, त्यावर नाव 'तरंगकवच'.

"आधी पाच मिनिटं माझं ऐका, मग हळदीकुंकू," आभा म्हणाली. त्या पाच मिनिटांचा पाऊण तास झाला.

आभाने पर्समधून एक काळी डबी काढली आणि कुणाच्या तरी मोबाइलजवळ धरली. डबी किंचाळायला लागली, तिच्यावर लाल दिवा लागला. बायका दचकल्या. "बघितलंत? ही किरणं चोवीस तास तुमच्या शरीरातून आरपार जातायत. वायफाय, टॉवर, मायक्रोवेव्ह! झोप लागत नाही? हा विद्युत-ताण आहे. केस गळतात? विद्युत-ताण. गुडघे दुखतात..."

"माझे वयामुळे दुखतात," पहिल्या रांगेतून लताबाई म्हणाल्या. लताबाई कॉलनीतल्या सगळ्यांत वयस्क, ऐंशीला टेकलेल्या, काठी टेकत येणाऱ्या. बायका खुदकन हसल्या. आभा काही हसली नाही.

मग तिने गोळ्यांचं गुणगान सुरू केलं. अश्वगंधा, तुळस, शेवगा आणि कसलंसं समुद्रातलं शेवाळ. सकाळ-संध्याकाळ दोन गोळ्या घेतल्या की म्हणे प्रत्येक पेशीभोवती कवच तयार होतं. मालिनीला मनातल्या मनात हसू येत होतं. शेवग्याने किरणं परतत असतील, तर पंचवटीच्या भाजीबाजारात शेंगा विकणाऱ्या बाईला टॉवरवर नेऊन बसवायला हरकत नाही! ऑर्डर द्यायला आभाने क्यूआर कोड पुढे केला आणि ज्या मोबाइलची इतका वेळ भीती घातली, तोच सगळ्याजणींनी पर्समधून बाहेर काढला. एकीलाही त्यात काही खटकलं नाही.

इथवर सगळी करमणूक होती. मग आभाने आवाज खाली आणला.

"नाव घेत नाही हं मी. पण आपल्याच कॉलनीतली मुलगी. दिवसदिवस लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची. तिसऱ्या महिन्यात बाळ गेलं बिचारीचं. पोटाला इतकं लागून मशीन, दुसरं काय होणार? तेव्हा हे कवच असतं ना, तर आज ते लेकरू इथे खेळत असतं."

नाव घ्यायची गरजच नव्हती. एकेक करत सगळ्या माना तेजस्विनीकडे वळल्या. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मालिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि स्वतःचाही राग आला, कारण ही गोष्ट आभाला ठाऊक कशी हे तिला पक्कं माहीत होतं. बाळ गेलं त्या आठवड्यात ट्रॅकवरच्या बाकावर बसून ती आभाजवळ ढसाढसा रडली होती. आभाने तेव्हा तिची पाठ थोपटली होती, "माझ्यापाशीच राहील गं" असंही म्हणाली होती. मेलीने ते दुःख जपून ठेवलं ते असं बाजारात मांडायला!

तेवढ्यात आभा ओटीचं ताट घेऊन तेजस्विनीसमोर उभी राहिली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण, नारळ आणि वर हिरव्या झाकणाची बाटली. "ही माझ्याकडून भेट, पैसे नकोत. या वेळी तरी काळजी घे हो बाळा," असं गोड गोड म्हणत तिने ते सगळं पोरीच्या पदरात ओतलं. गर्भार बाईची ओटी भरली जात असताना नको म्हणायचं नसतं. तेजस्विनीने मुकाट्याने पदर धरून ठेवला, वाकून नमस्कार केला. आणि मालिनीची, जिने आयुष्यभर कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं त्या मालिनीची, तिथे दातखीळ बसली. घरी येईपर्यंत ती स्वतःवरच चरफडत होती.

घरी आल्यावर तेजस्विनी साडी बदलून कामाला बसली. मालिनीला वाटलं, शिकलेली पोरगी आहे, असल्या थापा मनावर घ्यायची नाही. पण चार दिवसांत घरातलं वायफाय दिवसा बंद पडायला लागलं. लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्यावर गेला आणि ही त्याच्यापासून हातभर लांब उभी राहून, मान पुढे काढून टाइप करायची. पाय सुजले तरी बसेना. मुलगा यशोधन कंपनीच्या कामाला चेन्नईला गेलेला, त्याचा फोन आला की ती फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर दोन शब्द बोलायची आणि ठेवून द्यायची. सासरे गोविंदराव म्हणाले, "डोहाळे असतील एकेक." मालिनी म्हणाली, "असले डोहाळे मी तरी ऐकले नाहीत."

एका दुपारी ती सुनेच्या खोलीत धुतलेले कपडे ठेवायला गेली. तेजस्विनी पलंगाच्या कडेला बसली होती. लॅपटॉपवर नोकरीचा राजीनामा लिहिलेला, आणि शेजारी तरंगकवचची बाटली, अर्धी रिकामी. उशाला थायरॉइडच्या गोळ्यांची पाकिटं मात्र जशीच्या तशी पडली होती.

"अगं, या घेत नाहीयेस तू?"

"आभाकाकूंनी मेसेज केला होता. म्हणाल्या, केमिकलच्या गोळ्यांनी कवच बनत नाही. बाळ होईपर्यंत बंद ठेव."

मालिनीने पाकिटं हातात घेतली. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, जग इकडचं तिकडे झालं तरी थायरॉइडची गोळी चुकवायची नाही. "तेजू, तुला कळत कसं नाही गं? इंजिनियर ना तू!"

"कळतं की!" तेजस्विनी एकदम ओरडली. या घरात आल्यापासून पहिल्यांदा. "मला सगळं कळतं, आई. पण मी खरंच मांडीवर घेऊन बसायचे. तेव्हा सॉफ्टवेअरचा रिलीज होता, रात्रंदिवस मांडीवरच असायचा. डॉक्टर म्हणाल्या कारण सांगता येत नाही. काकूंनी सांगितलं. कुणीतरी कारण सांगितलं." मग हळूच म्हणाली, "तुम्हीच बोलला होतात ना त्यांना?"

"हो, मीच," मालिनी म्हणाली. "तुझ्यापुढे रडता येत नव्हतं, म्हणून तिच्यापुढे रडले. चुकलंच माझं."

तेजस्विनीने मान वर केली. "मला वाटायचं, तुम्हाला काही वाटलंच नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही पोळ्या करत होतात."

मालिनीने तिचं डोकं छातीशी धरलं आणि दीड वर्षाचं रडू दोघींनी एकदमच रडून घेतलं. मग डोळे पुसून मालिनी उठली, पाण्याचा पेला आणला आणि थायरॉइडची गोळी स्वतःच्या हाताने तिला दिली. त्याच संध्याकाळी दोघी डॉक्टरीणबाईंसमोर होत्या.

बाईंनी आधी बाळाचे ठोके ऐकवले. ठोके छान चालले होते. मग त्यांनी रक्त तपासायला दिलं, आणि सुनेला जे झापलं ते मालिनीलाही ऐकावं लागलं. "पहिल्या तीन महिन्यांत कितीतरी बाळं जातात. बहुतेक वेळा गर्भच नीट धरलेला नसतो. लॅपटॉपने नाही जात, जिना चढल्याने नाही जात, आईच्या कसल्याही चुकीने नाही जात. किती वेळा सांगू?" त्यांनी बाटली दिव्यापाशी धरून फिरवली आणि लेबलाच्या कडेला बोट ठेवून ती मालिनीच्या हातात दिली. इंग्रजीत होतं, डोळे फुटतील इतकं बारीक. मालिनीने ते वाचलं, पुन्हा वाचलं. तिचे कान तापले.

परत येताना रिक्षात तिने आभाला फोन लावला. "अगं, रथसप्तमीला माझ्याकडचं हळदीकुंकू आहे. त्या दिवशी तुझं ते व्याख्यान आमच्याकडेही ठेव ना." आभा काय हुरळली! म्हणाली, पेटीभर बाटल्या घेऊन येते.

रथसप्तमीला मालिनीचा हॉल भरला होता. लताबाईंना खिडकीपाशी आरामखुर्ची दिली होती. डबी किंचाळली, शेवगा झाला, शेवाळ झालं. तेजस्विनी भिंतीला टेकून उभी होती. आभाने नेहमीच्या जागी आवाज खाली आणला, "नाव घेत नाही हं मी, पण आपल्याच कॉलनीतली..."

"घे की नाव," मालिनी उठली. "लाजतेस कशाला? माझीच सून ती. इथेच उभी आहे."

मालिनी टेबलापाशी गेली आणि अर्धी रिकामी बाटली आभापुढे धरली. "ही तू तिच्या ओटीत घातलीस. कडेला काय लिहिलंय ते वाच जरा मोठ्याने."

"अगं, चष्मा नाही आणलेला..."

"माझा घे." मालिनीने डोळ्यांवरचा चष्मा काढून तिच्या हातात दिला.

आभाने वाचलं. तोंडातल्या तोंडात.

"ऐकू नाही आलं. आणि मराठीत सांग, सगळ्यांना कळू दे."

"गरोदर स्त्रियांनी... घेऊ नये," आभा म्हणाली.

कुणीतरी "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. मालिनीचा आवाज आता चढला होता आणि तो खाली आणायची तिला मुळीच इच्छा नव्हती. "विकण्याआधी एकदा वाचायचीही तसदी घेतली नाहीस? वर डॉक्टरच्या गोळ्या बंद करायला सांगितल्यास! का, तर तुझा माल खपावा म्हणून. खपव की, मूर्ख आहोत आम्ही, घेतोच. पण त्यासाठी माझ्या सुनेचं गेलेलं बाळ? तुझ्या खांद्यावर रडले होते गं मी!"

तिने बाटली आभाच्या पदरात टाकली. "नारळ ठेवून घेतलाय, तो देवाचा. ही तुझी तुला."

"मालिनी, ओटीतलं परत करू नये," मागून कुणी तरी दबकत म्हणालं.

"ओटीत काय घालू नये ते आधी ठरवा!"

आभा रडकुंडीला आली होती. "मी भल्यासाठीच केलं. तेजू, तूच सांग ना यांना."

तेजस्विनी भिंतीपासून पुढे आली. "काकू, माझ्यामुळे बाळ गेलं, असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. आता तसंच सगळ्यांसमोर म्हणा, की माझ्यामुळे नाही गेलं. बाकी मला काही नको."

एवढंच तर मागणं होतं. आभाने तोंड उघडलं, मिटलं. तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला, त्याबरोबर शेजारची डबीही बोंबलायला लागली. तिने लगबगीने दोन्ही गोळा केलं, "महत्त्वाचा कॉल आहे" असं पुटपुटली आणि चपला अडकवून निघून गेली. बाटल्यांची पेटी तिथेच राहिली.

तेजस्विनी तशीच उभी होती. मालिनी तिच्याकडे जायला वळली, तोच खिडकीपाशी काठी वाजली.

"माझी दोन गेली," लताबाई म्हणाल्या. "पोरी, तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीत एक फोन नव्हता. मला सांगितलं, ग्रहणात विळीवर भाजी चिरलीस म्हणून गेली. सासूबाईंनी सांगितलं, मग सगळ्यांनीच सांगितलं. मी खरंच चिरली होती गं, मेथीची जुडी. चिरली नसती तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं मला. अजून मेथी आणत नाही मी घरात."

तेजस्विनी त्यांच्या खुर्चीपाशी गेली आणि जपून खाली बसली. लताबाईंचा सुरकुतलेला हात तिने दोन्ही हातांत घेतला.

"आजी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमच्यामुळे नाही गेली हो."