अठ्ठाविसावा दिवस

"तानीताई, या ना, तुम्हीही बघा," प्रमिला मॅडम म्हणाल्या.

तास संपून मुलं गेली होती. जव्हारच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तानी सोळा वर्षं काचेची भांडी धूत होती, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आजची अंडी मात्र तिच्याच कोंबड्यांची होती, तिच्या गावाहून, साखरशेतहून आणलेली. दीड दिवस उबवून मॅडमनी ती फोडली होती.

पदराला हात पुसून ती वाकली. तांदळाच्या दाण्याएवढा, आरपार दिसणारा जीव. मधे बारीकसं काहीतरी उडत होतं.

"काळीज हाय?"

"हो. आणि ती लांब रेघ म्हणजे पाठीची नळी. आधी पानासारखा सपाट थर असतो, मग दोन्ही कडा वर येऊन चिकटतात. त्यातूनच मेंदू होतो. हे घडवणारी जनुकं मासा, बेडूक, कोंबडी, माणूस, सगळ्यांत जवळजवळ तीच. कोट्यवधी वर्षं टिकून राहिलेली."

"आन कडा नाय चिकटल्या तं?"

"तर पाठ उघडी राहते."

तानी स्टुलावर बसली. बावीस वर्षांपूर्वी तिचं पहिलं पोर तसंच जन्मलं होतं, उघड्या पाठीचं. एकच दिवस जगलं. पाठीचं तिला मागाहून दाईने सांगितलं. ते पोटात असताना ती नवऱ्याबरोबर, फागूबरोबर, भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली होती. पाचव्या महिन्यात डोक्यावरच्या विटांसकट पडली. त्या सकाळी ती कामाला जायला नको म्हणत होती, फागूच म्हणाला होता, "आजचा दिस भर." पोर पुरून तो परतला तेव्हा ती म्हणाली, "तुझ्यामुळं गेलं." तेवढं एकदाच. फागू पुन्हा भट्टीवर गेला नाही. पुढे मुलगी झाली, लग्न होऊन पोशेऱ्याला गेली. पण पहिल्या पोराबद्दल दोघांत कधी शब्द निघाला नाही.

"मॅडम, माणसात ह्या कडा कवा चिकटतात?"

"गर्भ राहिल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत. बऱ्याचदा बाईला दिवस गेलेत हे कळायच्याही आधी."

"आन पाचव्या महिन्यात बाई पडली तं?"

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. "पडण्याने पाठ उघडी राहत नाही, ताई. ते फार आधी ठरलेलं असतं. कधी जनुकांत चुकतं, कधी आईला सकस अन्न कमी पडतं. कधी कारण सापडतच नाही."

संध्याकाळी जीपमधून उतरून ती घरी आली तेव्हा फागू अंगणात नाचणीची कणसं बडवत होता. ती त्याच्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं. कोंबडीचं अंडं, ती रेघ, ते अठ्ठावीस दिवस.

"भट्टीवर गेलो तवा मना तिसरा महिना व्हता. त्याची पाठ हितंच, घरीच उघडी राह्यली. तू काय नाय केलंस. मी बोलले ते चूक व्हतं."

फागूचा दांडका थांबला.

"मॅडमनी सांगितलं?"

"हां. मीच इचारलं."

दांडका बाजूला ठेवून तो म्हणाला, "केस लई व्हते त्याला."

"मी कुठं पाह्यले? मी शुद्धीत कुठं व्हते!"

"दाट. तुझ्यासारखे."

किती लांब ते त्याने अंगठा आणि बोट धरून दाखवलं. कोंड्याने माखलेली ती दोन बोटं तो तशीच धरून बसला, आणि तानी त्यांच्यामधल्या जागेकडे बघत राहिली.